आक्षेपबापू

"तुमीच त्या बाई कशावरना?"

बापूंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. दापोलीहून एसटीने रत्नागिरी, तिथून दुसऱ्या एसटीने खाडीकाठचं ते गाव, असा दिवसभराचा प्रवास करून मी ट्रंक आणि वळकटी घेऊन त्यांच्या अंगणात उभी होते. शेजारच्या गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती आणि हेडमास्तरांनी खोलीसाठी बापूंकडे आधीच शब्द टाकला होता. बापू ओटीवर बसून झावळ्यांचे झाप विणत होते. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, हेडमास्तरांचा निरोप सांगितला. ते सगळं शांतपणे ऐकून त्यांनी वर मान केली आणि हे विचारलं. मला रडू यायचंच काय ते बाकी होतं. मी जरा चिडूनच म्हटलं, की मी ती नसेन तर एवढं सामान वाहत इथवर कशाला येईन. बापूंनी त्यावर खरोखर विचार केला. "ता बरोबर," म्हणाले, आणि बायकोला, म्हणजे काकींना, हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

पुढे कळलं की यात माझा वेगळा असा अपमान काही नव्हता. पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला तरी बापू त्याला विचारत, ही माझीच कशावरून? जावई पहिल्यांदा दिवाळसणाला आला तेव्हा रात्रीच्या अंधारात त्यालाही अंगणात उभं करून ठेवलं होतं म्हणे. गावाने त्यांचं नाव आक्षेपबापू ठेवलं होतं आणि ते त्यांना तोंडावरही म्हणत. त्याचा त्यांना राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता.

हे नाव त्यांना मिळालं ते मतदान केंद्रावर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे ही. फोटोचं ओळखपत्र तेव्हा नव्हतं. मतदार यायचा, आपलं नाव सांगायचा, अधिकारी यादीत ते शोधायचा, बोटाला शाई, हातात मतपत्रिका, झालं. तो माणूस तोच आहे की नाही हे बघायला उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावर बसलेले असत. शंका आली तर त्यांनी आक्षेप घ्यायचा, त्याचं शुल्क टेबलावर ठेवायचं, मग केंद्राध्यक्ष चौकशी करून निकाल देणार. बाकीचे प्रतिनिधी दुपारी जेवून पेंगायचे. बापू सकाळी भाकरी खाऊन बसत ते पेटीला सील लागेपर्यंत बाकावरून हलत नसत. ज्या उमेदवाराचे ते प्रतिनिधी असत तो नेहमी पडे, पण त्यामुळे त्यांच्या उत्साहात काडीचा फरक पडत नसे.

त्यांची खरी लढाई होती ती मुंबईकरांच्या मतांशी. आमच्या भागात घरटी एक-दोन पुरुष मुंबईत. शिमग्याला येतील, गणपतीला येतील, मतदानाला कोण कशाला येतो? पण नावं गावच्या यादीत तशीच. मग घरातला कोणीतरी, ज्याचं नाव यादीत चढलेलं नाही असा एखादा, मुंबईच्या भावाचं मत देऊन यायचा. यात आपण काही खोटं करतो असं कोणाच्या मनातही येत नसे. भावाच्या वाटणीचं भात आपण कापतो, त्याचा शेतसारा आपण भरतो, मग त्याचं मत वाया का घालवायचं? एकदा एक भला माणूस केंद्राध्यक्षांना म्हणाला होता, "सायेब, तो आनि मी काय वेगले हाव काय? घर एकच हाय." बापूंनी त्याला तिथल्या तिथे अडवलं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी जाऊन चहा प्यायला. तो माणूस त्यांचा सख्खा चुलतभाऊ होता.

असं वागायला त्यांच्याकडे कारण होतं, ते मला काकींनी सांगितलं. बापू तरुणपणी एका निवडणुकीला नवं धोतर नेसून मत द्यायला गेले, तर त्यांचं मत आधीच कोणीतरी देऊन गेलेलं. अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे त्यांना वेगळी मतपत्रिका दिली, ती मतपेटीत न टाकता पाकिटात घालून ठेवली. अशी मतं सहसा कोणी मोजत नाही, हे बापूंना नंतर समजलं. "माजा मत दुसऱ्यानं दिलान, नि माजा मी दिलेला पाकिटात गेला," ते मला एकदा म्हणाले. "त्या दिवशी मी घरला आलो तो मेल्यासारका. जिता मानूस हुबा हाय समोर, नि सायेब बोलतो तुमी येऊन गेलाव." हे सांगताना इतक्या वर्षांनंतरही त्यांचा आवाज चढला होता. 

फोटोचं कार्ड सगळ्यांना द्यावं, हे बापूंचं ठाम मत. गावात कोणालाही धरून ते यावर बोलत, पण त्यांना तोलाचा माणूस एकच होता, मोहल्ल्यातले इब्राहिमभाई. भाई सारी उमर बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काढून घरी बसले होते, आणि दर निवडणुकीत बापूंच्या विरुद्ध उमेदवाराचे प्रतिनिधी म्हणून त्याच बाकावर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसत. एरवीही संध्याकाळी दोघे आमच्या ओटीवर असत. बापू म्हणत, भाई, तुमच्याकडे बोटीच्या नोकरीचं फोटोचं पुस्तक होतं, आखातात जाणाऱ्या पोरांकडे पासपोर्ट आहे, मग मतदारानेच काय घोडं मारलंय? भाई सांगत, त्याच फोटोपायी एका बंदरात त्यांना अडकवून ठेवलं होतं, कारण फोटोत दाढी नव्हती आणि तोंडावर होती. चाळीस माणसं ओरडून सांगत होती हाच आमचा सारंग, पण साहेब फोटोकडे बघत होता, माणसाकडे नाही. आणि डोंगरावरच्या वाडीतली म्हातारी फोटो काढायला रत्नागिरीला कधी जाणार, कोणाच्या सोबतीने, हेही ते विचारत.

एकदा ते हळूच म्हणाले, "बापू, एक खोटा मानूस आत आला तर एक मत गेला. एक खरा मानूस भायेर ऱ्हायला तर तो मानूसच गेला."

बापू लगेच म्हणाले, "आनि धा खोटे आत आले, तर खरा आत आला काय नि नाय काय, काय फरक?" मला दोघांचंही पटे. मी तसं म्हटलं की दोघेही माझ्यावर उखडत, मास्तरीणबाईंनी एक काय ते बोलावं म्हणत.

निवडणुकीच्या कामाला बायका मिळत नसत, आणि बुरख्यातल्या मतदारांसाठी बाईमाणूस तर हवंच. माझं नाव दापोलीच्या यादीत, इथे माझं मत नव्हतं, म्हणून मला गावच्याच केंद्रावर नेमलं. माझं काम बोटाला शाई लावायचं, आणि साडीचा आडोसा केला होता त्यामागे मोहल्ल्यातल्या बायकांचा चेहरा बघायचं. पहिल्याच वेळी बापूंनी बाकावरून विचारलं, "काय बघितलाव?" मी म्हटलं, तोंड. "कोनाचा?" मी म्हटलं, त्यांचं. "तुमी त्यांस्नी आदी बघितला व्हता?" नव्हतं बघितलं. केंद्राध्यक्ष हसायला लागले, भाईही हसले. माझी मात्र चांगलीच फजिती झाली, कारण नुसतं तोंड बघून मला कळणार काय होतं?

आमच्या वाड्यांतल्या बायकांची अडचण निराळी. तोंड उघडं, पण नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नाही. यादीत बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव, आणि अधिकारी तेच विचारणार. बायका लाजत, पदर दातात धरत, मागे वळून दुसरीला सांगत, मग ती दुसरी ओरडून सांगे. काकींनी तर बापूंकडे बोट दाखवलं होतं. सगळं गाव ओळखत होतं, पण बापू म्हणाले, बोट दाखवलं म्हणजे नाव झालं नाही. मग काकी चिडल्या आणि भर केंद्रात त्यांनी उखाणा घेतला:

"माज्या हातची भाकर खाल्लान, आज वळख देत नाय,
सदाशिवरावांच्या घरात आज चूल पेटत नाय."

त्या रात्री बापू भाईंकडे जेवले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यातूनच बापूंना त्यांची युक्ती सापडली होती. एकदा शेजारच्या तालुक्यातून जीप भरून बायका आणल्या होत्या, मेलेल्यांची आणि मुंबईला गेलेल्यांची मतं द्यायला. त्यांना नावं पाठ करून दिलेली. त्या टेबलाशी येऊन शाळेतल्या पोरींसारख्या नवऱ्याची नावं घडाघडा सांगायला लागल्या, आणि बापू उठून उभे राहिले. स्वतःच्या नवऱ्याचं नाव एवढ्या सरळ कोण घेतं? चौकशी झाली, बायका पळाल्या, जीपही पळाली. पुढच्या खेपेला बाहेरून आलेल्या बायका लाजायला शिकून आल्या, पण त्या इतक्या लाजल्या की त्यावरूनही सापडल्या. तेव्हापासून बापूंचा या परीक्षेवर आंधळा विश्वास बसला. जी अडखळली नाही, ती खोटी.

आणि मग ती विधानसभेची निवडणूक आली. आमच्या केंद्राला डोंगरावरची एक वाडी जोडलेली होती. बापूंचा गुडघा गेल्यापासून ते तिथे चढत नव्हते. पुरुष बाजाराला खाली येत म्हणून ओळखीचे, बायका त्यांना फारशा माहीत नव्हत्या. दुपारी त्या वाडीच्या बायका आल्या. त्यात एक तिशीची, काटक, उन्हाने रापलेली बाई होती. नाव सरस्वती. अधिकाऱ्याने नवऱ्याचं नाव विचारलं. ती त्याच्याकडे बघत मोठ्याने म्हणाली, "दत्ताराम." कुठेही अडली नाही, लाजली नाही.

बापू उभे राहिले. शुल्क टेबलावर ठेवलं. "आक्षेप. ही त्याची बायको न्हवं."

मागाहून काकींकडून जे कळलं ते इथेच सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. दत्ताराम मुंबईला होता आणि तिथे त्याने दुसरा संसार मांडला होता. गावच्या घरात सरस्वती एकटी राहून शेत करत होती. धाकटा दीर वसंता तिला घराबाहेर काढायला टपलेला. ही आता आमची कोणी नाही, असं तो चार वर्षं सांगत होता, पण सांगून भागत नव्हतं, त्याला कोणाच्या तरी तोंडून, सरकारी माणसासमोर, ते वदवून घ्यायचं होतं. ते काम बापूंनी त्याला फुकटात करून दिलं.

केंद्राध्यक्षांनी विचारलं, हिला ओळखणारं कोणी आहे का? पुरुषांच्या रांगेतून वसंता पुढे आला. दत्तारामचा भाऊ म्हणून त्याला सगळेच ओळखत होते. तो म्हणाला, दत्तारामची बायको मुंबईला असते, ही कोण आहे मला ठाऊक नाही. वाडीच्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांनी माना खाली घातल्या. भावकीतल्या कर्त्या माणसाच्या तोंडावर कोण बोलणार? केंद्राध्यक्षांनी दाराकडे बघितलं आणि तिथला पोलीस शिपाई उठून आत आला. दुसऱ्याच्या नावाने मत द्यायला आली असं ठरलं तर तिला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं होतं. माझ्या हातातली शाईची काडी तशीच राहिली. 

सरस्वती रडली नाही. ती बापूंकडे वळली. "मी नाव घेतला म्हनून खोटी? तो हाय कुटं लाजायला? मी त्याचा नाव रोज घेते, शेतात, बांधावर, शिव्या देताना घेते. टाकलान त्यानं मला. त्याची कसली लाज धरू?"

 मी बापूंकडे पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं. त्यांच्या बाजूने सगळा कायदा होता, सख्ख्या दिराची साक्ष होती, आणि वरची वाडी भाईंच्या उमेदवाराची, म्हणजे एक विरोधी मत आपोआप कमी होत होतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. भाई शेजारी बसले होते, पण ते एक शब्द बोलले नाहीत. आपण बोललो तर बापू हट्टाला पेटतील, हे त्यांना नक्की माहीत असणार.

बापू वसंताला म्हणाले, "हिकडं ये. शिमग्यात देवीची पालखी तुमच्या आंगनात आली, तवा दत्तारामच्या घरची वटी कोनी भरलान?"

बाहेरगावच्या केंद्राध्यक्षांना याचा अर्थ कळेना, पण रांगेतल्या प्रत्येकाला कळला. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. अंगणात ती टेकते, आणि त्या घरची लक्ष्मी पुढे होऊन देवीची ओटी भरते. भाऊ वेगळे असतील तर प्रत्येकाच्या घरची ओटी वेगळी. परक्या बाईने ती भरायची नसते. वसंता साहेबांकडे बघायला लागला.

"सायेबासमोर तू कायपन बोल," बापू म्हणाले, "ता मी नाय इचारत. मी देवीचा इचारतो. ह्या वर्षी वटी कोनी भरलान?"

वसंताने कपाळावरचा घाम पुसला. आपली चप्पल बघितली, दाराबाहेर बघितलं. माणसं सरकारला फसवायला एका पायावर तयार असतात, पण हा प्रश्न सरकारचा नव्हता. शेवटी तो पुटपुटला, "हिनंच."

"मोट्यान बोल. सायेबांस्नी आयकू येव दे."

"वयनीनं भरली," वसंता म्हणाला.

बापूंनी केंद्राध्यक्षांना समजावून सांगितलं, की हा हिला वहिनी म्हणाला, म्हणजे ही दत्तारामची बायको, आणि मी आक्षेप मागे घेतो. मग ते सरस्वतीसमोर उभे राहिले. माझ्या समजुतीप्रमाणे बापूंनी आयुष्यात कोणाची माफी मागितली नव्हती, आणि ती कशी मागायची हे त्यांना येतही नव्हतं. ते म्हणाले, "बाय, चुकी माजी. तू जा, मत दे." आणि शिपायाला दाराकडे परत जायची खूण केली, जणू तो त्यांचाच शिपाई होता.

तिचं बोट मी हातात घट्ट धरलं. शाई थोडी जास्तच लागली. ती मत देऊन बाहेर पडली तेव्हा वाडीच्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या आणि सगळ्या एकदम बोलायला लागल्या. इतका वेळ गप्प बसल्याची भरपाई करत होत्या बहुतेक. तो गलका ऐकून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. भाईंनी बापूंपुढे आपला पाण्याचा तांब्या सरकवला. बापूंनी तो उष्टावून सगळा संपवला.

निवडणुकीत बापूंचा उमेदवार पडला, त्यात नवल नाही. पण वसंताची बोलती कायमची बंद झाली. दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी, साहेब, पोलीस आणि अख्खी रांग यांच्यासमोर त्याने तिला वहिनी म्हटलं होतं, आता ते गिळणार कसं? पंधरा दिवसांनी सरस्वती स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड करायचा अर्ज घेऊन आमच्या ओटीवर आली. अर्जावर कोणा प्रतिष्ठित माणसाची सही लागते, अर्जदाराला मी ओळखतो म्हणून. बापूंनी अशी सही उभ्या आयुष्यात कोणासाठी केली नव्हती, माझ्या बँकेच्या खात्यासाठीसुद्धा नाही. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला, सही केली, आणि तिला विचारलं, अजून कुठे करायची असेल तर सांग.

त्यानंतरही बापू बाकावर बसत, आक्षेपही घेत. फोटोच्या कार्डाचं भांडण भाईंशी अखेरपर्यंत चाललं. फक्त बापू आता त्यात एक जोड देत, की कार्ड सगळ्यांना द्या, पण ज्याच्याकडे नसेल त्याला हाकलायच्या आधी चार माणसांना विचारा. भाई म्हणत, मग मी एवढी वर्षं दुसरं काय सांगतोय? बापू म्हणत, तुम्ही निराळं सांगत होतात. माझी बदली दापोलीला झाली त्या दिवशीही ते यावरच भांडत होते, आणि एसटी सुटली तरी त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी खिडकीतून हात हलवला, तो काकींनी एकट्यांनी पाहिला.

बापू कार्ड यायच्या आधीच गेले. भाई त्यांच्यामागून वर्षाच्या आत. पुढे कार्डं आली, माझंही आलं, त्यावरचा फोटो माझा आहे यावर माझ्या मुलांचा अजून विश्वास नाही. मीही वयाने आणि नोकरीने वाढत केंद्राध्यक्ष झाले. सुरुवातीच्या त्या वर्षांत कितीतरी म्हाताऱ्या बाया कार्डाविना यायच्या. कार्ड हरवलेलं, भिजलेलं, नाहीतर सुनेच्या पेटीत कुलपात. प्रतिनिधी म्हणायचे, मॅडम, पाठवा परत. मी त्या बाईला खुर्ची द्यायला सांगत असे आणि दाराशी जाऊन रांगेला विचारत असे, ह्यांना कोण ओळखतं?

रांगेतली माणसं वाकून खुर्चीकडे बघत. मग मागून कोणीतरी म्हणे, "आमच्याच शेजारच्या आहेत, थांबा, मी येते." आणि मी सुटकेचा श्वास टाकून टेबलाकडे परत येत असे.